गट म्हणजे स्वस्तातला डॉक्टर नव्हे

घरातल्या एखाद्याला साखळीने बांधून ठेवल्याची बातमी पेपरात आली की आपल्याकडे ठरलेला वाद रंगतो. एक बाजू म्हणते, घरचे कसले, राक्षस आहेत, पोलिसात द्या. दुसरी म्हणते, घरच्यांनी तरी काय करावं, सरकारी मनोरुग्णालय गाठायचं तर सोलापूरहून अडीचशे किलोमीटरवर येरवडा. दोन दिवस फोटो मोबाईलवर फिरतो आणि तिसऱ्या दिवशी विसरला जातो. पुढे १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाची फेरी निघते, टोप्या वाटल्या जातात, भाषणं होतात आणि वाद होता तिथेच राहतो. अलीकडे त्यात तिसरी बाजू शिरली आहे, ‘मन मोकळं करा, सगळं ठीक होईल’ असं मोबाईलवरून सांगणाऱ्यांची. तिच्यामुळे एकत्र बसून बोलणं ही गोष्टच चेष्टेची होऊन बसली. पेशंटांचा गट हवा, घरच्यांचा वेगळा गट हवा असं कुणी म्हटलं, की पहिल्यांना तो खाटा आणि डॉक्टर न देण्याचा सरकारी बहाणा वाटतो. दुसरे हसून विचारतात, ‘गोल करून बसल्यानं डोकं ताळ्यावर येतं का बे?’

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. सोलापूरला गट हवे आहेत ते डॉक्टर कमी आहेत म्हणून नाही. उद्या साखर पेठेपासून विजापूर रोडपर्यंत चौकाचौकात मनोविकारतज्ज्ञ बसला तरी गट लागतीलच, कारण गटात जे मिळतं ते ओपीडीत मिळण्याची सोयच नसते. घरच्यांचा गट पेशंटांच्या गटाहून वेगळा आणि तितकाच नियमित हवा. आणि त्याचा खर्च देणगीदारांच्या मर्जीवर न सोडता सरकारने आणि महापालिकेने उचलायला हवा.

आधी एक गोंधळ निस्तरू. ‘गट’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात आणि वाद घालणारे सोयीप्रमाणे एकीचे दोष दुसरीला चिकटवतात. समूह उपचार म्हणजे प्रशिक्षित तज्ज्ञाने आठ-दहा जणांना घेऊन ठरावीक आठवडे चालवलेले उपचार. तिथे कोण बसणार हे आधी तपासून ठरतं. गटात माणसांचं एकमेकांशी जे होतं, म्हणजे कोण गप्प राहतो, कोण सगळ्यांची समजूत काढता काढता स्वतःचं दडवतो, त्यावरच काम चालतं. आधारगट किंवा स्वमदत गट ही दुसरी गोष्ट. तिथे उपचार करणारा कुणी नसतो, सगळे त्याच आजाराशी झुंजणारे. येणं-जाणं खुलं असतं आणि तो वर्षानुवर्षं चालतो. पहिल्याला तज्ज्ञ लागतो. दुसऱ्याला जागा लागते, शिस्त लागते आणि अडलं तर विचारायला जवळपास तज्ज्ञ लागतो. घरच्यांसाठी मी मागते आहे तो मुख्यतः दुसरा प्रकार, पण पहिल्याशी नाळ जोडलेला.

आता सगळ्यात दमदार आक्षेप. गट हा गरिबांच्या गळ्यात मारायचा स्वस्तातला उपाय आहे, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने इतिहासही उभा आहे. १९०५ साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरने क्षयाच्या पेशंटांचा आठवड्याचा वर्ग सुरू केला, तो त्या गरीब लोकांना सॅनेटोरियम परवडत नव्हतं म्हणून. घरीच मोकळी हवा आणि विश्रांती घ्यायची, रोजची नोंद वहीत करायची, आठवड्यातून एकदा सगळ्यांनी जमून वजन करायचं आणि वह्या दाखवायच्या. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात गट आले, कारण खचलेले सैनिक शेकड्यांनी होते आणि डॉक्टर मोजके. म्हणजे उगम टंचाईतलाच. आपल्या सरकारांची सवय पाहता उद्या कुणी अधिकारी म्हणेल, ‘पद भरायची काय गरज आहे, आशाताईंना दोन दिवसांचं ट्रेनिंग देऊ, गट चालवतील.’ ही भीती अनाठायी नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निघालं होतं की आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. अशा देशात डॉक्टरांच्या जागा रिकाम्या ठेवायला कुठलंही निमित्त पुरतं.

पण उगम टंचाईत आहे म्हणून गोष्टच टंचाईतली ठरते का? प्रॅटला थोड्याच काळात दिसलं की वजन वाढलेल्या जुन्या पेशंटाला पाहून नव्याला जी उमेद येते ती डॉक्टरच्या दहा सूचनांनी येत नाही. आणि १९३५ साली अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रन गावी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हा दारू सोडू पाहणाऱ्यांचा स्वमदत गट सुरू झाला ते कुणाच्या भेटीतून? एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन. ज्याची दारू सुटत नव्हती तो स्वतःच डॉक्टर होता! त्याला डॉक्टरची काय टंचाई होती? दारूमुळे शरीरात काय होतं हे त्याला ऐकवणारे पुष्कळ असतील. त्याला हवा होता तो त्याच खड्ड्यातून वर येऊ पाहणारा दुसरा माणूस. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथे व्यसनी नवऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट आहे. नवऱ्याची दारू सुटली म्हणून बायकोच्या अंगातली वीस वर्षांची धास्ती त्याच दिवशी सुटत नाही, हे तिथल्या लोकांना कळलं होतं. स्किझोफ्रेनिया म्हणजे भास आणि भ्रम होण्याचा आजार. त्यासाठीची पुण्याचीच स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केली. ते मनोविकारतज्ज्ञ नव्हते, कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पत्नीचा आजार त्यांनी घरात जवळून पाहिला होता. पेशंटाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धत मराठीत अशाच आधारगटांतून रुळली.

ज्यांना पुरावा लागतो त्यांच्यासाठी आणखी दोन गोष्टी. अमेरिकेत विल्यम मॅकफार्लेन यांनी १९९०च्या दशकात स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांच्या घरच्यांना दोन तऱ्हांनी तेच शिक्षण देऊन पाहिलं. काहींना एकेका कुटुंबाला वेगळं बसवून, काहींना अनेक कुटुंबांना एकत्र बसवून. एकत्र बसलेल्या कुटुंबांतल्या पेशंटांचा आजार उलटण्याचं प्रमाण कमी निघालं. लक्षात घ्या, दोन्हीकडे तज्ज्ञ होते, दोन्हीकडे गोळ्या चालू होत्या. फरक होता तो शेजारी बसलेल्या इतर आयाबापांचा. दुसरी गोष्ट नैराश्याची. नैऋत्य युगांडातल्या तीस खेड्यांत झालेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्थानिक, डॉक्टर नसलेल्या, पण ठरलेल्या पद्धतीत तयार केलेल्या माणसांनी सोळा आठवडे, आठवड्याला दीड तास गट चालवले. जिथे गट नव्हते त्या खेड्यांच्या मानाने तिथलं नैराश्य कितीतरी खाली आलं. यावरून स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा (कधी उन्माद, कधी नैराश्य अशा आजाराचा) पेशंट गोळ्यांवाचून गटात बसवावा असा अर्थ कुणी काढला तर तो घातक आहे. जो माणूस आत्ता आवाज ऐकतो आहे, आठवडाभर झोपलेला नाही, त्याची जागा गटात नाही, डॉक्टरकडे आहे. तो सावरल्यावर पुढची वीस-तीस वर्षं तो कुठे आणि कुणाबरोबर बसणार, हा माझा प्रश्न आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बाईंचं सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. मुलगा तिशीतला, स्किझोफ्रेनियाचं निदान जुनं. बाई बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, बाजूला पानं कापायची कात्री. दिवसाच्या बिड्या कारखान्यात मोजून दिल्या की रात्री झोपताना ती कात्री उशाखाली जाते. मुलाने आजवर कुणावर हात उगारलेला नाही, तरी जाते. गोळी तो घेत नाही म्हणून त्या आमटीत कुस्करून घालतात. आणि मुलाचा मूळ संशय कसला? तर आपल्या जेवणात घरचे काहीतरी कालवतात! म्हणजे त्याच्या भ्रमाला रोज रात्री ताटात पुरावा वाढला जातो. बाईंना हे कळतं. एखाद्या दिवशी त्याला उमगलं तर तो आपल्या हातचं खाणं सोडेल, हेही कळतं. त्यांनी हे डॉक्टरांना सांगितलंय का? नाही. कुठल्याही गर्दीच्या ओपीडीत ‘गोळ्या चालू आहेत ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं असतं, कारण मागे रांग उभी असते आणि आपण काहीतरी चुकीचं करतोय ही लाज पदरात असते. यात डॉक्टरचा दोष फार नाही. पाच मिनिटांत कुणी आमटीबद्दल बोलत नाही.

हेच दुसऱ्या आईसमोर पहिल्या तासात बाहेर येतं. समोरचीने एके काळी दुधात गोळी घातलेली असते. ती पकडली गेल्यावर घरात काय झालं ते ती सांगते, आणि महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं, डॉक्टरना त्याचं विचार, हेही सांगते. वाक्य साधं आहे. डॉक्टरनेही सांगितलं असतं, प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला असता तर. आणखी उदाहरण पाहिजे? बायपोलरच्या आजारात लिथियम हे औषध घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं तर रक्तातली लिथियमची पातळी वाढते. हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो आणि प्रसंगी जिवावर बेततं. आता सोलापूरचा एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. पारा ४३ अंशांच्या घरात, नळाला काही दिवसांआड पाणी, त्यात उपास धरलेला. मनोविकारांवरच्या इतर काही गोळ्यांनीही शरीराची उन्हाशी जुळवून घेण्याची ताकद कमी होते. हे पुस्तकात असतं. पण ‘गेल्या मे महिन्यात आमच्या ह्यांचे हात असेच थरथरायला लागले, आम्ही म्हटलं अशक्तपणा असेल’ हे जिने पाहिलं तिच्या तोंडून ऐकलेलं लक्षात राहतं. आणि मग रक्त तपासायला माणूस वेळेवर जातो.

याला जोडूनच दुसरा आक्षेप येतो आणि तो मी जवळजवळ पूर्ण मान्य करते. अर्धवट माहितीची माणसं एकत्र आली की अर्धवटपणाची बेरीज होते. ‘माझ्या भावाची अर्धी गोळी केली, काही झालं नाही, तुम्हीपण करा’ हेही गटातच ऐकू येणार. शिवाय प्रत्येक बोलणं हितकारक असतं असंही नाही. अपघात किंवा आपत्तीनंतर सगळ्यांना एकदाच बसवून झालेलं सगळं बोलायला लावण्याची पद्धत एके काळी जगभर जोरात होती. नंतर तपासून पाहिलं तर उपयोग दिसेना, काहींना तर त्रासच वाढलेला दिसला. बेफाम पोरांना एकत्र बसवलं तर ती एकमेकांकडून नवे उद्योग शिकतात, हेही पाहिलं गेलं आहे. म्हणून तर ‘मन मोकळं करा’वाल्यांशी माझं पटत नाही. मोकळं करून घेणाऱ्याला ते झेलता आलं पाहिजे. गटाला नियम हवेत: औषधाचा डोस इथे ठरणार नाही, इथलं बाहेर जाणार नाही, कुणी मरणाची भाषा बोलला तर त्याच दिवशी कुणाला कळवायचं हे आधी ठरलेलं असेल. गट चालवणाऱ्याच्या डोक्यावर तज्ज्ञाचा हात हवा. पण अर्धवट सल्ल्याची भीती दाखवून गटच नको म्हणणाऱ्यांनी सांगावं, आज हे सल्ले कुठून येतात? देवऋषीकडून, मेडिकलच्या काउंटरवरून आणि मोबाईलवरूनच ना?

आता घराकडे. ‘आपल्या माणसाचं करायला शिकवायला लागतं का? आमच्या आजीने केलं, आईने केलं, कुठला गट होता?’ हा आक्षेप मोठ्या अभिमानाने घेतला जातो. आजीने केलं हे खरं. पण आजीच्या घरात दोन जावा, एक विधवा नणंद आणि ओसरीवर बसलेला सासरा होता. चार खांद्यांवरचं ओझं आज दोन खोल्यांच्या घरात एका बाईवर आलंय आणि वर आजीचा दाखला! ‘केलं’ म्हणजे नेमकं कुणी केलं हेही विचारायला हवं. मुलगा आजारी पडला तर आई, नवरा पडला तर बायको. आणि बायको आजारी पडली तर तिची रवानगी माहेरी, म्हणजे पुन्हा तिच्याच आईकडे. या हिशोबात पुरुष फार कमी वेळा सापडतो आणि जो सापडतो तो सगळ्यात एकटा असतो. आजारी बायकोला सांभाळणाऱ्या पुरुषाला कट्ट्यावर हे बोलायचीही चोरी.

घरच्यांना कसं बोलायचं हे शिकवावं लागतं याला पुरावा आहे आणि तो थोडा झोंबणारा आहे. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांना दिसलं की स्किझोफ्रेनियाचे काही पेशंट दवाखान्यातून घरी, आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतल्यावर पुन्हा बिघडतात, आणि भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले त्या मानाने बरे राहतात. पुढे शोध घेतला तेव्हा कळलं की घरातले सततचे टोमणे, राग आणि अति काळजी यांनी आजार उलटतो. हेच मोजमाप चंदीगडला लावलं तर तिथल्या घरांत टोमणे लंडनहून कमी निघाले. यावर छाती फुगवायला आपण मोकळे आहोत. पण टोमणे वाईट माणसं मारतात असं थोडंच आहे? थकलेली माणसं मारतात. ‘किती झोपतोस, काम कर की जरा’ हे वाक्य बोलणाऱ्या बापाला कुणी सांगितलेलं नसतं की हा आळस नव्हे, आजाराचा भाग आहे, काही अंशी गोळीचाही. अमृतसरला १९५०च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी खचाखच भरलेल्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि पेशंटांबरोबर घरच्यांना राहायला बोलावलं. नातेवाईक सेवा करायला लागले, एकमेकांचे पेशंट बघायला लागले, आजार काय आहे ते एकत्र ऐकायला लागले. ज्यांना घरचे टाकून जायचे ते घरच्यांबरोबर परत जायला लागले. पुढे वेल्लोर आणि बंगळूरलाही घरच्यांसकट दाखल करून घेण्याची पद्धत आली. म्हणजे हे खूळ परदेशातून आलेलं आहे असंही म्हणायची सोय नाही.

भजनी मंडळं आहेत, दिंड्या आहेत, अक्कलकोटची वारी आहे, मग वेगळा गट कशाला, असंही विचारतात. भजनाने बरं वाटतं, याबद्दल माझी तक्रार नाही. पण टाळ खाली ठेवून ‘माझा मुलगा मला वैरीण समजतो आणि कधीकधी मलाही वाटतं की तो नसता तर बरं झालं असतं’ हे वाक्य कुठल्या भजनी मंडळात बोलता येतं? ते बोलायला जागा लागते. ते ऐकून कुणीही ‘असं बोलू नये बाई’ म्हणणार नाही, अशी जागा.

उरला लाजेचा प्रश्न, आणि सोलापुरात तो खरोखर अवघड आहे. लाखांच्या वस्तीचं शहर असूनही इथे कोण कुणाचा कोण हे दोन वाक्यांत निघतं. आडनाव, पेठ आणि कारखाना सांगितला की झालं. धाकट्या बहिणीचं स्थळ मोडेल या भीतीने मोठ्या भावाचा आजार वर्षानुवर्षं लपवलेली घरं आहेत आणि त्यांची भीती खोटी नाही. स्थळं मोडतात. ज्यांना गटात यायचं नाही त्यांच्यावर कुणीही जबरदस्ती करू नये. तरी दोन गोष्टी विचारते. पहिली, लपवलेलं कुणापासून लपलेलं असतं? लागून लागून घरं असलेल्या वस्तीत रात्रीचा आरडाओरडा पलीकडच्या भिंतीला ऐकू जातोच. शेजाऱ्याला सगळं माहीत असतं, फक्त त्यावर बोलायची बंदी असते, आणि त्या बंदीचा सगळा भार घरच्यांवर पडतो. दुसरी, मनोविकारतज्ज्ञाच्या पाटीखाली तासभर बसलेलं कुणी पाहत नाही का? उलट शाळेच्या वर्गात किंवा वाचनालयाच्या वरच्या खोलीत दुपारी जमलेल्या पंधरा बाया म्हणजे पाहणाऱ्याला बचत गटच वाटणार. जोडभावी पेठेतल्या माणसाला सात रस्त्याकडच्या गटात जायची मोकळीक ठेवली की निम्मा संकोच तिथेच संपतो.

गटाच्या बाजूने सोलापूरकडे एक असं कारण आहे जे पुण्याकडे इतकं ठळक नाही. हे चार भाषांचं गाव आहे. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आजी तेलुगूत बोलते, अक्कलकोट रोडकडे कन्नड, आणखी कुठे दखनी. माणूस व्यवहार मराठीत करतो, पण घाबरतो, चिडतो, रडतो ते आईच्या भाषेत. मराठीत ‘डोकं दुखतंय’ एवढंच सांगून गप्प बसणारी बाई तेलुगूत तासभर बोलते. चारही भाषा जाणणारा मनोविकारतज्ज्ञ हुकमी कुठून आणणार? तेलुगूतला गट मात्र आणता येतो, कारण माणसं आहेतच. एकत्र बसायची रीतही या शहराला नवी नाही. २००६ साली सोलापूरजवळच्या कुंभारीला बिडी कामगार बायकांना दहा हजार घरांच्या चाव्या मिळाल्या, त्या वर्षानुवर्षांच्या सभा, मोर्चे आणि सोसायटीच्या बैठकांतून. सुपासमोर एकेकटी बसलेली बाई घर मागू शकली नसती. घरासाठी जी रीत चालली ती घरातल्या आजारासाठी चालणार नाही, असं कशावरून?

आणि हे काही दयेचं मागणं नाही. साखळीचा फोटो आला की सगळे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचा हवाला देतात. बरोबर आहे, कलम ९५ने कुणालाही साखळीने बांधायला बंदी आहे. तामिळनाडूत एरवडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं जळाली, त्यानंतर या देशाला याहून वेगळं कारण लागायला नको होतं. पण त्याच कायद्याचं कलम १८ कुणी वाचतं का? सरकारने द्यायच्या सेवांमध्ये आजारी माणसाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा त्यात स्वच्छ लिहिल्या आहेत. कायद्याची जी बाजू कुटुंबाला दटावते ती पाठ, जी सरकारला बांधते ती कोरी. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. तो भत्ता मिळणारं स्किझोफ्रेनियाच्या पेशंटाचं घर मला तरी अजून भेटलेलं नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता आहे, मानसिक आजार नाही. ‘आमच्या मागे याचं कोण?’ हा सगळ्याच आयांचा प्रश्न. काही आयांसाठी तरी तिथे दार आहे, बाकीच्यांसाठी तेही नाही. हे दार ठोठवायचं तर एकेकटीने होणार नाही. त्यालाही गटच लागेल.

खर्च किती? महापालिकेच्या शाळांचे वर्ग दुपारनंतर रिकामे असतात. आठवड्याला दोन तास, एक प्रशिक्षित समुपदेशक मानधनावर, महिन्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञाची हजेरी. नव्या मनोरुग्णालयाची नुसती कंपाउंड भिंत बांधायला याहून जास्त लागेल. एक खर्च मात्र सगळे विसरतात. आई गटात आली तर त्या दोन तासांत घरी मुलाजवळ कोण बसणार? म्हणून शेजारच्याच वर्गात पेशंटांचा गट त्याच वेळी चालू हवा, आणि ज्याला घराबाहेर काढता येत नाही त्याच्यासाठी सोबतीला माणूस हवा, पगारी. वेळ बिड्या मोजून देण्याची नको, पगाराच्या दिवशीही नको. दोन तासांत जेवढ्या बिड्या बुडतात तेवढी मजुरी किंवा निदान रिक्षाभाडं तरी द्यावं लागेल, नाहीतर जिला गरज आहे तीच येणार नाही. आणि हजेरीवहीत फक्त पहिलं नाव. योजना म्हटली की आपल्याकडे आधी लाभार्थ्यांची यादी, आधार क्रमांक, मग उद्घाटनाचा ग्रुप फोटो. तो फोटो ज्या दिवशी पोर्टलवर चढेल त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या वर्गात समुपदेशक एकटा बसलेला असेल आणि अहवालात लिहिलं जाईल की लोकांचा प्रतिसाद नाही.